काठावरची सावड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी माझं नाव वक्त्यांत घातलं तेव्हा त्यांना वाटलं असणार, ही संगणकाबद्दल बोलेल. वीसेक वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते आहे, तेव्हा ही अपेक्षा रास्तच आहे. पण इथल्या निम्म्या लोकांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत. त्यांच्याकडून तुम्हाला रोज पुरेसं ऐकायला मिळत असेल. म्हणून मी आज वर्गाबाहेरच्या शिकण्याबद्दल बोलणार आहे. मुलांना माळावर, पाण्याच्या काठावर, डोंगरावर नेऊन शिकवणारी माणसं आपल्या भागात आहेत. ती एकमेकांना भेटली आणि आपापलं कसब एकमेकांना देऊ लागली तर काय होतं, आणि नाही भेटली तर काय होतं, एवढाच माझा विषय. शेवटी तुमच्याकडे एक मागणी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुणी चहाला उठणार नाही.

उजनी धरण आणि आपण जवळजवळ एकाच वयाचे. धरणाचं काम १९६९ला सुरू झालं आणि १९८०ला पुरं झालं. आपण पहिलीत बसलो तेव्हा भीमेचं पाणी नुकतंच पसरलेलं होतं. आपल्या वर्गात पुनर्वसित गावांतली मुलं होती. 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' हे शब्द त्यांच्या घरी रोजच्या बोलण्यातले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाचे चौथरे उघडे पडत आणि घरची म्हातारी माणसं ते बघायला जात. आपल्याला हे पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. भूगोलाच्या सरांनी आपल्याला काठावर नेलं, तिथल्याच एका आजोबांना बोलतं केलं आणि म्हणाले, "आता नकाशा काढा." धरण, गाळ, विस्थापन, बागायत हे सगळे धडे एका सकाळीत झाले. सर समोर बसले आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

सर निवृत्त झाले आणि ती काठावरची सहल थांबली. हे आपल्याच शाळेत घडलं असं नाही. मी गेल्या काही वर्षांत सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच शाळांत गेले. सगळीकडे हीच गोष्ट. एका शिक्षकाला आवड असते, तो मुलांना बाहेर नेतो, मुलं ते जन्मभर विसरत नाहीत. मग त्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो. मागे उरतो भिंतीवरचा पक्ष्यांचा एक तक्ता. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट फक्त एकाच माणसाला येत असेल तर आम्ही अस्वस्थ होतो. तो उद्या रजेवर गेला तर काम कोण करणार, हा पहिला प्रश्न. म्हणून दुसऱ्या एकाला त्याच्या शेजारी बसवतो. शाळेबाहेरच्या शिक्षणात अशी दुसरी खुर्ची कुणी मांडलेलीच नसते.

आता उजनीचंच उदाहरण घेऊन सांगते. धरणाचा फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इकडे आपलं केत्तूर, कुगाव, वाशिंबे. पलीकडे इंदापूर तालुक्यातलं भिगवण, कुंभारगाव. हिवाळ्यात इथे रोहित येतात, ज्यांना काहीजण अग्निपंख म्हणतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा ठसा असलेले वारकरी पक्षी तर थव्याथव्यांनी दिसतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७पासून ती दरवर्षी होते आणि तिच्यात कुणालाही भाग घेता येतो. आपल्या शाळेच्या मुलांनी ही गणना करायची ठरवली, तर काय लागेल?

पहिली गोष्ट म्हणजे मोजता आलं पाहिजे. हजारभर पक्ष्यांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे. ते दहा डोळ्यांना किती जागा व्यापतात ते पाहायचं. मग ते माप पुढे सरकवत न्यायचं, पायलीनं धान्य मोजतात तसं. सूर्य पाठीशी ठेवायचा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि मोजणाऱ्यानं कागदाकडे बघायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. पण हे जमणाऱ्या माणसाशेजारी दोन सकाळी उभं राहिल्याशिवाय ते जमत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपल्या काठावरून पाचशे रोहित मोजले आणि तेवढ्यात ते उडून पलीकडे गेले, की भिगवणचा माणूस तेच पाचशे पुन्हा मोजणार. दोन्ही आकडे खरे आणि बेरीज खोटी! यावर उपाय एकच. दोन्ही काठांवरच्या माणसांनी एकाच दिवशी, एकाच वेळी मोजायचं आणि थवा उडाला तर किती वाजता, कुठल्या दिशेला, ते लिहायचं. म्हणजे पलीकडचा माणूस ओळखीचा हवा. फोन उचलणारा हवा. जिल्ह्याची हद्द पक्ष्यांना माहीत नसते, पण शाळांना मात्र ती पक्की माहीत असते. करमाळ्याच्या शिक्षकाची प्रशिक्षणं सोलापूरला आणि इंदापूरच्या शिक्षकाची पुण्याला. समोरासमोरच्या काठांवर राहून दोघांची आयुष्यात भेट होत नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. इथे मला जरा थांबावं लागेल. मे २०२४मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. इथल्या बऱ्याच जणांच्या ओळखीपाळखीतली ती माणसं होती, त्यामुळे जास्त बोलत नाही. पण त्यानंतर आपल्या भागातल्या कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा, मुलांना पाण्याकडे नेऊ का? उत्तर 'नको' असंच येईल. त्यांना दोष देता येणार नाही. चाळीस मुलांची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते.

तरीही प्रश्न उरतोच. ही मुलं काठावरच राहतात. शाळेनं नेलं नाही तरी ती पाण्यावर जाणारच आहेत, मासे धरायला, म्हशी धुवायला, पलीकडे मामाच्या गावाला. आपण त्यांना फाटकाच्या आत ठेवून पाण्यापासून लांब ठेवत नाही, फक्त पाण्याबद्दलच्या शहाणपणापासून लांब ठेवतो. आणि ते शहाणपण इथेच आहे. आमच्यासोबत एक मच्छीमार काका आहेत, सातवी शिकलेले. ओसरलेल्या पाण्याकाठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत माणूस गिळेल इतका मऊ असतो, हे ते बांबू खुपसून मुलांना दाखवतात. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं वारं कुठल्या बाजूनं उठतं आणि त्याआधी पाण्याचा रंग कसा बदलतो, हे त्यांना कळतं. उन्हाळ्यात दुपारनंतर नाव नाहीच, हा नियम आम्हाला त्यांनी घालून दिला. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढायचं, ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे, हे मात्र त्यांना आमच्यातल्या एका गिर्यारोहक परिचारिकेनं शिकवलं. साप चावला तर चिरा द्यायचा नाही, घट्ट आवळायचं नाही, हालचाल थांबवून थेट रुग्णालय गाठायचं, हेही तिनंच. काकांनी ऐकलं आणि पुढच्या खेपेला स्वतः मुलांना सांगितलं. देणंघेणं म्हणतात ते हेच.

म्हणजे बघा, मोजणारा वेगळा, वारं ओळखणारा वेगळा, प्रथमोपचार जाणणारी वेगळी, मुलांशी बोलायची हातोटी असलेली बाई आणखी वेगळी. पूर्ण माणूस एकही नाही, पण सगळी जोडली तर शाळा होते.

महाराष्ट्रात ही जोडणी पूर्वीपासून चालत आली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. १९८१ साली लोणावळ्याला पहिलं पक्षिमित्र संमेलन भरलं आणि त्यातून महाराष्ट्र पक्षिमित्र ही संघटना उभी राहिली. शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, दुकानदार अशी साधी माणसं गावोगावाहून तिथे येतात. गिर्यारोहकांचं गिरिमित्र संमेलन २००२पासून मुलुंडला भरतं. आणि आपले सोलापूरचे मारुती चितमपल्ली! जंगलात नोकरी करताना तिथल्या माणसांकडून शब्द आणि ज्ञान गोळा करायचं आणि ते सगळ्या मराठीला वाटायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. बगळे, करकोचे जिथे एकत्र घरटी करतात त्या जागेला 'सारंगागार' हा देखणा शब्द त्यांनी दिला. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांचं असं सारंगागार आहे, आपल्यापासून किती जवळ! जून २०२५मध्ये चितमपल्ली सोलापुरात वारले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. २०२०पासून राज्य शासनही तो साजरा करतं.

या संमेलनांचं मोल मोठं आहे. पण करमाळ्याच्या एखाद्या शिक्षिकेच्या जागी उभं राहून बघा. संमेलन दूरच्या जिल्ह्यात, दोन दिवसांचं. रजा, एसटी, घरचं सगळं सांभाळून ती जाते, भारावून परत येते, आणि सोमवारी शाळेत पुन्हा एकटीच असते. मोठ्या संमेलनातून उमेद मिळते. हाताला वळण लागायचं असेल तर तासाभराच्या अंतरावर कुणीतरी लागतं, ज्याच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी जाता येईल आणि जो आपल्याकडे येईल.

यासाठी बाहेरून काही शिकून यायची गरज नाही. आपल्याकडे सावड आहे. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. मजुरी नाही, हिशेब नाही, पण विसरही नाही. कंदर-वाशिंबे भागातली केळी आज परदेशात जाते. ती काही नुसत्या पुस्तकांवर गेली नाही. बाग कशी राखायची, घड कसा झाकायचा, माल न खरचटता कसा काढायचा, हे शेतकऱ्यांनी एकमेकांच्या बागेत उभं राहून शिकून घेतलं. शिवारफेरी म्हणतात तिला. ज्याची बाग चांगली त्याच्या बांधावर सगळे जमतात आणि तो हातचं न राखता सांगतो. केळीत जमलं ते मुलांच्या शिक्षणात का जमू नये?

चार वर्षांपूर्वी आम्ही काहीजणांनी हे सुरू केलं. आमच्या गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. आपल्या तालुक्यातले दोन शिक्षक, इंदापूरकडचा एक पक्षी-मार्गदर्शक, कर्जतकडचे एक निवृत्त वनरक्षक, मघाशी सांगितले ते मच्छीमार काका, ती परिचारिका, एक मेंढपाळ कुटुंब आणि मी. वर्षातून चार भेटी, दर वेळी वेगळ्याच्या गावात. तीन गोष्टी आम्ही पहिल्यापासून पाळल्या.

पहिली, ज्याचं गाव तो गुरू. त्या दिवशी बाकी सगळे विद्यार्थी, मग कुणी कितीही शिकलेलं असो. मेंढपाळ वहिनींनी आम्हाला अर्ध्या दिवसात गवतं ओळखायला शिकवली. कुठलं मेंढीला आधी आवडतं, कुठलं पावसानंतर सगळ्यात आधी उगवतं, माळावर टिटवीची अंडी कुठे असतील आणि पाय कुठे टाकायचा नाही. आपण करमाळ्याचे लोक माळाला 'पडीक' म्हणून मोकळे होतो. १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात आपल्याही तालुक्याचा भाग होता, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? आता तर नान्नजलाही माळढोक क्वचितच दिसतो. आपल्या मुलांना निदान माळ तरी बघता यावा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक भेटीत एकच कसब, आणि ते प्रत्येकानं हातानं करून बघायचं. चार व्याख्यानं ठेवली की सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. एक गाठ बांधायला शिकलो, दुर्बीण चष्म्यासकट कशी लावायची ते शिकलो, की ते उरतं. रोहितांच्या किती जवळ जायचं, हा असाच एक धडा. चरणारे रोहित माना वर करून सावध झाले, चालू लागले, की आपण तिथेच थांबायचं. आणखी पुढे गेलं तर ते उडणार. फोटो मिळेल, पण त्यांची सकाळ वाया जाईल. लहान मुलांना हे एकदा दाखवलं की पुरतं. मोठ्यांना दोनदा सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट, नोंद. इथे माझा धंदा उपयोगी पडला. सगळ्यांसाठी एकच तक्ता केला: तारीख, वेळ, जागा, वारं, कोण होतं, काय दिसलं, काय शिकवलं, काय फसलं. 'काय फसलं' हा रकाना सगळ्यात उपयोगाचा ठरला. मूळ नोंद कागदावरच ठेवली, कारण काठावरच्या उन्हात फोनचा पडदा दिसत नाही आणि मुलांच्या हातात फोन दिला की पक्षी राहतात बाजूला. संध्याकाळी कुणीतरी ती फोनवर चढवतं. आता केत्तूरला नव्यानं आलेल्या शिक्षिकेला मागच्या चार वर्षांत त्या काठावर काय केलं, कुठला रस्ता पावसात बंद होतो, कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी मिळतं. माहिती अशी पाठवता येते. सवय मात्र पाठवता येत नाही, ती शेजारी उभं राहूनच लागते. म्हणून तक्ताही हवा आणि भेटही हवी.

अडचणी आहेतच. व्हॉट्सॲपचा गट केला की दोन दिवसांत त्यात सुप्रभात आणि वाढदिवस सुरू होतात. प्रवासखर्चाचा प्रश्न येतो. मच्छीमार काकांचा एक दिवस बुडाला तर घरात तेवढे पैसे कमी येतात, हे आम्ही नोकरदार सहज विसरू शकतो. म्हणून आम्ही ठरवलं, पगारदारानं आपला खर्च आपण करायचा आणि ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला त्या दिवसाची मजुरी आधी द्यायची. सावडीत हिशेब नसतो हे खरं, पण सगळ्यांकडे रान असतं तेव्हाच ते खरं. आणि पालकांची परवानगी. ती चिठ्ठीवरच्या सहीनं मिळत नाही, पालकांना एकदा सोबत आणल्यावर मिळते. दोन आया एका सहलीला आल्या की पुढच्या वेळी बाकीच्या निर्धास्त असतात. शिवाय त्या आल्या की आपल्यापेक्षा जास्त त्याच सांगू लागतात.

आता माझी मागणी. ऐका.

आपल्या तुकडीत काय काय आहे, मी काल रात्री बसून लिहून काढलं. दोन डॉक्टर, एक परिचारिका, तीन शिक्षक, एक एसटी चालक, पाटबंधारे खात्यात एकजण, केळीवाले चौघे, एक वकील, एक फोटोग्राफर, वारीला दरवर्षी चालत जाणाऱ्या आपल्या दोन मैत्रिणी, ज्यांना शेकडो माणसं रस्त्यानं सुखरूप कशी न्यायची हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. तीस वर्षांनी भेटलो, जेवलो, फोटो काढले, शाळेला काहीतरी देऊ म्हटलं. पंखे आणि कपाट देणं चांगलंच आहे, तेही देऊ. पण प्रत्येकानं वर्षातला एक दिवस दिला तर शाळेला वर्षभराचं वेळापत्रक मिळेल. डॉक्टरांनी एक सकाळ प्रथमोपचार शिकवावेत, तेही मुलांबरोबर शिक्षकांना. पाटबंधारेवाल्यानं धरणाची पातळी कशी मोजतात ते काठावर उभं राहून सांगावं. केळीवाल्यांनी एकेका वर्गाची शिवारफेरी घ्यावी. एसटीवाल्या मित्रा, तू फक्त एवढं सांग की चाळीस मुलं गाडीत कशी चढवायची आणि मोजून कशी उतरवायची. हसू नका, सहलीतला सगळ्यात अवघड भाग तोच असतो.

दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आहेत: नाव, मला काय येतं, मला काय शिकायचं आहे, आणि कुठला महिना जमेल. तिसरा रकाना कुणीही मोकळा सोडायचा नाही. ज्याला काही शिकायचं नाही तो शिकवायला आला तर मुलांना ते लगेच कळतं. आज इथे बसलेल्या शाळेच्या तरुण शिक्षकांनाही माझी विनंती आहे, वहीत तुमचंही नाव घाला. आम्ही वर्षाला एकदा येणारे पाहुणे, तुम्ही रोजचे. दोघांच्या जोडीनं काम झालं तर उद्या तुमची बदली झाली तरी ते थांबणार नाही.

पहिलं काम जवळ आलं आहे. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला आपल्या शाळेची आठवी-नववीची मुलं आपल्या काठावर उभी राहतील आणि त्याच वेळी समोर इंदापूरच्या एका शाळेची मुलं. तिथल्या शिक्षकांशी बोलणं झालं आहे, मुख्याध्यापकांनीही होकार दिला आहे. नाव नाही, फक्त काठ, सकाळी साडेसहा ते साडेनऊ. दर दहा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत, म्हणजे मला अजून सहाजण कमी पडतात. थंडी असेल, स्वेटर आणा. मोजायला येत नसेल तरी या, दोन सकाळी आधी सराव आहे. आणि सर, तुम्ही यावं अशी मुलांची नाही, आमची इच्छा आहे. खुर्ची आम्ही आणू.

एवढं बोलून थांबते. वही दारापाशी आहे, पेन बांधून ठेवलं आहे.